जाळे अडले तर आधी नाका तपासा

दुपारची वेळ. टेम्पोत कापडाच्या गाठी चढल्या आहेत. ड्रायव्हर घाई करतो आहे आणि गल्ल्याजवळच्या संगणकावर ई-वे बिलाचे पान काही उघडत नाही. पडद्यावर गोल चक्र फिरत राहते. मालक मुनीमजींवर चिडतात, मुनीमजी नेटवाल्याला फोन लावतात, नेटवाला म्हणतो, "आमच्याकडून लाइन चालू आहे." मग शेजारचा कोणी सल्ला देतो की मोठा प्लॅन घ्या, नवा राउटर बसवा. पैसे जातात आणि आठवड्याने तेच चक्र पुन्हा फिरू लागते.

आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बंधूंचा हा अनुभव आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ती थोड्यांची चैन होती. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आले आणि संगणकाची तार तराजू व गजाइतकीच गरजेची झाली. तराजूत फरक वाटला तर आपण आधी वजन ठेवून पाहतो. जाळे अडले की मात्र काही न पाहताच खर्च करतो. बिघाड नेमका कोठे आहे हे स्वतः कसे पाहावे, हे या लेखात सांगावयाचे आहे. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

गाठी, बिल्टी आणि पोच

आपण वेबसाइटचे पान मागवतो तेव्हा ते एका तुकड्यात येत नाही. मोठा माल लहान लहान गाठींत बांधून पाठवावा तसे त्याचे शेकडो तुकडे होतात. संगणकाच्या भाषेत त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक गाठीवर बिल्टीसारखा मजकूर असतो. कोणाकडून निघाली, कोणाकडे जायची, कितवी गाठ, हे सारे त्यात लिहिलेले असते. गाठ मिळाली की घेणाऱ्याकडून पोच जाते. पोच आली नाही तर पाठवणारा तीच गाठ पुन्हा पाठवतो.

वाटेत चार नाके लागतात. पहिला नाका म्हणजे आपल्या संगणकापासून दुकानातील राउटरपर्यंतची तार किंवा वायफाय. दुसरा, राउटरपासून नेटवाल्याच्या केंद्रापर्यंतची लाइन. तिसरा, पत्ता सांगणारा. आपण वेबसाइटचे नाव टंकतो, पण गाठ पोहोचते ती आकड्यांच्या पत्त्यावर. नावावरून आकडा सांगणाऱ्या या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ साली आखली. चौथा नाका म्हणजे ज्याच्याकडे काम आहे तो दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर.

"नेट बंद आहे" या तीन शब्दांत या चारही नाक्यांचे बिघाड येतात. वास्तविक प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पहिल्या नाक्याचा बिघाड बऱ्याचदा पन्नास-शंभर रुपयांत दुरुस्त होतो. चौथ्या नाक्याचा बिघाड आपण लाखभर खर्च केला तरी दुरुस्त होत नाही. तेथे वाट पाहणे हाच उपाय.

हाक मारून पाहावी

नाके तपासण्याचे सर्वांत जुने साधन पिंग हे आहे. अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेत काम करणारे माइक मूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधण्यासाठी पाण्यात आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव पडले. हे साधन प्रत्येक विंडोज संगणकात आधीपासून असते, त्यास पैसे पडत नाहीत.

विंडोजच्या शोधपट्टीत सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरे टंकली की काळी खिडकी उघडते. प्रथम तेथे आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत टंकावा. 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीसमोर जो आकडा दिसेल तो आपल्या राउटरचा पत्ता. बहुधा तो १९२.१६८ ने सुरू होतो. त्याच यादीत आपल्या संगणकाचाही पत्ता दिसतो. तो जर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने आपल्या संगणकाला पत्ताच दिलेला नाही. अशा वेळी नेटवाल्याला फोन करण्याआधी तार, तिचे टोक आणि राउटर पाहावा.

त्यानंतर पी-आय-एन-जी ही अक्षरे, मग एक जागा सोडून राउटरचा आकडा टंकावा. तार नीट असेल तर उत्तर एखाद्या मिलिसेकंदात येते, वायफायवर काही मिलिसेकंद लागतात. येथेच उत्तर शंभर-दोनशे मिलिसेकंदांनी येत असेल, किंवा दहांपैकी दोन-तीन हाका वाया जात असतील, तर बिघाड आपल्याच छपराखाली आहे. मोठा प्लॅन घेऊन तो जाणार नाही.

राउटर नीट उत्तर देत असेल तर तीच हाक ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्यावर मारावी. तेथून उत्तर नाही, म्हणजे दुसरा नाका अडला, आता नेटवाल्याला खुशाल फोन करावा. आकड्याला उत्तर येते पण वेबसाइटच्या नावाने हाक मारली की पत्ता सापडत नाही असे दिसते, तेव्हा तिसरा नाका, म्हणजे डीएनएस, बिघडला आहे. राउटरमध्ये किंवा संगणकात डीएनएसचा पत्ता ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा करून पाहावा, पुष्कळदा तेवढ्याने काम होते. आणि सर्व वेबसाइटी उघडतात, फक्त एकच उघडत नाही, तर चौथ्या नाक्याकडे संशय जातो. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइलच्या स्वतःच्या नेटवर तेच पान उघडून पाहावे. तेथेही उघडत नसेल तर आपल्या दुकानाचा दोष नाही. एक सावधगिरी ठेवावी. काही वेबसाइटी मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून केवळ हाकेला ओ आली नाही एवढ्यावरून ती बंद आहे असा निष्कर्ष काढू नये.

आपल्या छपराखालचे बिघाड

पहिल्या नाक्यावर काय काय घडते ते थोडे विस्ताराने पाहू, कारण खर्च वाचतो तो येथेच.

गोदामातील तार उंदीर कुरतडतात, किंवा गाठी सरकवताना ती चेपते. तारेत आठ बारीक वायरी असतात. त्यांतील एखादी तुटली तरी तार नेहमीच पूर्ण मरते असे नाही, पुष्कळदा हजाराच्या वेगाची जोडणी शंभरावर उतरते आणि कशीबशी चालत राहते. त्यामुळे दोष तारेचा आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. टोकाची प्लास्टिकची जीभ मोडली असेल तर तार हलताच जोडणी तुटते. दुसरी चांगली तार लावून पाहणे ही दोन मिनिटांची परीक्षा आहे.

भरबाजारात प्रत्येक दुकानाचा वायफाय एकमेकांवर चढतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडणारे मार्ग तीनच आहेत, १, ६ आणि ११. शेजारच्या दहा दुकानांनी तेच वापरले तर गोंगाट होणारच. बिलाचा संगणक शक्यतो तारेवर ठेवावा आणि वायफाय मोबाइलपुरता राहू द्यावा.

आणखी एक बिघाड हमखास आढळतो. वायफाय मागच्या खोलीत पोहोचत नाही म्हणून कोणी जुना राउटर आणून जोडतो. आता दुकानात पत्ते वाटणारे दोन झाले. काही यंत्रांना खरा पत्ता मिळतो, काहींना चुकीचा. प्रिंटर सकाळी चालतो, दुपारी बंद. दुसऱ्या राउटरमधील पत्ते वाटण्याची सोय, जिला डीएचसीपी म्हणतात, ती बंद केली की भांडण मिटते.

घड्याळ चुकले की कुलूप उघडत नाही

कधी कधी संगणकावर प्रत्येक वेबसाइट धोक्याची सूचना देऊ लागते. "ही जोडणी सुरक्षित नाही" असे वाचून मालक घाबरतात, व्हायरस शिरला असे समजून सारे पुसून पुन्हा भरण्यासाठी पैसे देतात. त्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी.

वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाची खूण किंवा आरंभी एचटीटीपीएस ही अक्षरे असतील, तर गाठी मोहोरबंद होऊन जातात. मोहोर खरी आहे याची साक्ष एक प्रमाणपत्र देते आणि त्यास ठरावीक मुदत असते. संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की बंद करून चालू करताच त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग संगणकाला प्रत्येक प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे वाटते आणि तो दार उघडत नाही. तारीख दुरुस्त करावी आणि ती बॅटरी बदलावी. सीआर २०३२ या नावाने ती घड्याळजींकडेही मिळते. मात्र तारीख बरोबर असूनही बँकेच्या पानावर अशी सूचना आली, तर ती धुडकावून पुढे जाऊ नये. तेथे खरोखरच कोणी मध्ये उभा असू शकतो.

तीन आकडी निरोप

पान उघडत नाही तेव्हा पुष्कळदा पडद्यावर एक तीन आकडी संख्या येते. ती व्यर्थ नसते. २०० म्हणजे काम झाले. चारशेच्या घरातील आकडा म्हणजे मागणीत चूक आहे. ४०४ असेल तर त्या पत्त्यावर पान नाही, ४०३ असेल तर आपणास तेथे परवानगी नाही. पाचशेच्या घरातील आकडा म्हणजे दोष समोरच्याचा. ५०० असेल तर सर्व्हरच्या आत काही मोडले, ५०३ असेल तर तो गर्दीने थकला किंवा दुरुस्तीसाठी बंद आहे, ५०२ आणि ५०४ म्हणजे मधल्या दलालाला मागच्या सर्व्हरकडून नीट किंवा वेळेत उत्तर मिळाले नाही. पाचशेचा आकडा पाहून दुकानातील राउटर दहा वेळा बंद-चालू करण्यात काही अर्थ नाही.

अधिक खोलात जावयाचे असेल तर ब्राउझरमध्ये एफ १२ ही कळ दाबून 'नेटवर्क' या शीर्षकावर जावे आणि पान पुन्हा मागवावे. पानाचा प्रत्येक तुकडा, त्याचा आकडा, वजन आणि लागलेला वेळ ओळीने दिसतो. एखाद्या ओळीवर टिचकी मारली की वेळेची फोड दिसते. पत्ता शोधण्यात किती गेला, जोडणीत किती, सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात किती, आणि माल उतरवून घेण्यात किती. वाट पाहण्यातच दहा सेकंद गेले तर सर्व्हर मंद आहे. माल उतरवण्यात गेले तर आपली लाइन मंद आहे. ज्यांनी पैसे देऊन स्वतःच्या मालाची वेबसाइट करून घेतली आहे त्यांनी ही परीक्षा अवश्य करावी. मालाचे फोटो पाच-पाच मेगाबाइटचे जसेच्या तसे चढवलेले असतील तर ते येथे लगेच उघडे पडते. ग्राहक तेवढा वेळ थांबत नाही.

रस्ता कोण अडवतो?

प्लॅनमध्ये लिहिलेला १०० हा आकडा मेगाबिटांचा असतो, आणि फाइलीचे वजन मेगाबाइटमध्ये असते. एका बाइटात आठ बिट. म्हणजे १०० मेगाबिटांच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरणार. हा हिशेब ठाऊक नसल्याने अनेकजण आपणास फसवले असे समजतात.

दुसरे असे की माल येण्याचा रस्ता रुंद आणि जाण्याचा अरुंद, असे अनेक प्लॅनमध्ये असते. समजा दुकानात चार कॅमेरे आहेत आणि प्रत्येक कॅमेरा २ मेगाबिटांनी चित्र बाहेर साठवणीत पाठवतो. झाले ८ मेगाबिट. जाण्याचा रस्ता १० चा असेल तर बिलासाठी दोनच उरले. आणि गाठीची पोचही याच रस्त्याने जाते, म्हणून येणारा मालही रखडतो. कॅमेरे थोडा वेळ बंद करून पाहावे. फरक पडला तर चित्रे दुकानातील पेटीतच साठवावीत, किंवा त्यांचा दर्जा थोडा उतरवावा. विंडोजची स्वतःची अद्ययावत होण्याची वेळ दुकान बंद झाल्यानंतरची ठेवता येते. कोणते यंत्र किती माल ओढते याची यादी बऱ्याच राउटरच्या पानावर दिसते. त्याच वेळी राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्डही बदलून टाकावा.

गाठी मोजणारे साधन

वरील उपायांनी उलगडा झाला नाही तर जाणकार माणूस वायरशार्क हे साधन काढतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे एका लहान इंटरनेट कंपनीत काम करणारे जेराल्ड कोम्ब्स यांना जाळ्याची तपासणी करावयाची होती आणि बाजारातील साधने महाग होती. त्यांनी स्वतःच एक लिहिले आणि १९९८ मध्ये इथरियल या नावाने सर्वांस मोफत दिले. २००६ पासून त्याचे नाव वायरशार्क झाले, ते आजही मोफत आहे. हाताशी हत्यार नाही म्हणून स्वतः घडवून घेणाऱ्या कारागिरास ही गोष्ट नवी वाटणार नाही.

हे साधन संगणकातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाठीची बिल्टी ओळीने मांडते. हजारो ओळी पाहून घाबरू नये. चार खुणा ओळखल्या तरी पुष्कळ झाले. पत्ता विचारला पण उत्तर नाही, तर दोष डीएनएसचा. जोडणीची पहिली गाठ गेली, तीच वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा जाते आणि उत्तर नाही, तर वाटेत कोणी अडवले आहे किंवा सर्व्हर बंद आहे. त्याच गाठी पुन्हा पाठवल्याच्या नोंदी जागोजागी असतील तर गाठी हरवत आहेत, तार, वायफाय किंवा लाइन पाहावी. जोडणी झटकन झाली, मागणी गेली, पोचही आली, आणि मग दीर्घ शांतता, तर तो दोष सर्व्हरचा. एवढे सांगता आले तर नेटवाला आणि सॉफ्टवेअरवाला एकमेकांकडे बोट दाखवत बसू शकत नाहीत.

एका संगणकावर बसवलेल्या वायरशार्कला साधारणपणे त्याच संगणकाच्या गाठी दिसतात. दुकानातील स्विच प्रत्येकाचा माल ज्याच्या त्याच्याच दारात टाकतो. सर्वांच्या गाठी पाहण्यासाठी वेगळी योजना करावी लागते. आणि येथेच थांबून विचार करण्याची गोष्ट आहे.

आपला माल आणि दुसऱ्याचे पत्र

मोहोरबंद गाठीची फक्त बिल्टी वाचता येते. मोहोर नसलेल्या, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या गाठीतील मजकूर, पासवर्डसुद्धा, वाटेतील कोणालाही उघडा दिसतो. २०१० साली एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचे साधन प्रसिद्ध करून दाखवून दिले की उघड्या वायफायवर शेजारी बसलेला माणूस दुसऱ्याच्या खात्यात सहज शिरू शकतो. त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या वेबसाइटींनी मोहोर सर्वत्र लावली. तरी स्वस्त कॅमेरे, जुनी यंत्रे आणि गावठी पद्धतीने बनवलेली सॉफ्टवेअरे अजून उघडी बोलतात. म्हणून ग्राहकांना द्यावयाचा वायफाय हिशेबाच्या जाळ्यापासून वेगळा ठेवावा, राउटरमध्ये 'गेस्ट' या नावाने ती सोय असते.

आता मालकाचा प्रश्न. साधन हाती आले की नोकर कोणाशी काय बोलतो हेही पाहावे असा मोह होतो. त्यांच्या मोबाइलात काही बसवून निरोप वाचावेत, असे सुचवणारेही भेटतात. पवित्र कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील १२ व्या आयतीत अतिसंशय, दुसऱ्याची छिद्रे शोधत फिरणे आणि पाठीमागे निंदा, या तिन्हींपासून एकत्रच रोखले आहे. दुकानाची लाइन कोठे अडते आणि कोणते यंत्र किती माल ओढते हे पाहणे हा मालकाचा हक्क आहे. माणसाचे खाजगी बोलणे उघडणे हा हक्क नव्हे. दुकानाच्या संगणकावर नोंद ठेवावयाची असेल तर ते सर्वांना आधी सांगून ठेवावे. दुसऱ्याच्या जाळ्यात परवानगीशिवाय शिरणे हा तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ व ६६ प्रमाणे गुन्हा आहे. त्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

ग्राहकाच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवावी. ग्राहकाने यूपीआयने पैसे पाठवले, त्याच्या मोबाइलवर यशस्वी दिसले आणि आपल्या पडद्यावर नोंद आली नाही, तर त्यास लबाड ठरवण्याआधी आपला पहिला नाका तपासावा, दुसऱ्या फोनवर खाते पाहावे. अर्थात खात्यात जमा दिसल्याशिवाय माल सोडावा असेही नाही. व्यवहार सावधपणे करावा, जीभ मात्र आवरावी.

शेवटी एक इशारा. नेट अडले की घाईत कोणी इंटरनेटवरच मदतीचा फोन नंबर शोधतो. पलीकडचा माणूस "मी कंपनीतून बोलतो" म्हणत संगणक दुरून चालवण्याचे ॲप बसवावयास सांगतो आणि खाते रिकामे होते. मदतीचा नंबर बिलावरून किंवा करारावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. तसेच वायरशार्कची किंवा ब्राउझरची नोंद-फाइल कोणास पाठवताना विचार करावा, तिच्यात खात्यात शिरण्याच्या खुणा असू शकतात.

एक वही ठेवावी

उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहून ठेवावा, अशी ताकीद सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. ही सवय जाळ्यालाही लावावी. गल्ल्याजवळ एक साधी वही असू द्यावी. पहिल्या पानावर राउटरचा पत्ता, ग्राहक क्रमांक, नेटवाल्याचा खरा फोन आणि कोणती तार कोठे जाते याचे चित्र. पासवर्ड तेथे लिहू नये. पुढील पानांवर प्रत्येक बिघाडाची तारीख, वेळ, किती यंत्रे अडली, राउटरची हाक लागली का, बाहेरची लागली का, पडद्यावरील आकडा कोणता आणि कशाने दुरुस्त झाले.

दोन महिन्यांनी ती वही चाळली तर दिसेल की लाइन रोज सायंकाळी सातलाच मंद होते, किंवा पाऊस आला की तुटते, किंवा दोष नेहमी मागच्या खोलीतील त्या एकाच तारेचा असतो. नेटवाल्यापुढे "तुमचे नेट नेहमी बंद असते" म्हटले तर तो हसतो. अमुक तारखेला अमुक वेळी राउटर उत्तर देत होता आणि तुमची लाइन ४० मिनिटे देत नव्हती, असे वहीतून दाखवले तर त्यास माणूस पाठवावाच लागतो. दारात टेम्पो उभा असेल तेव्हाही ही वहीच प्रथम उघडावी. कोणता नाका पाहावयाचा ते तीत लिहिलेले असेल.